विलंब कोणाच्या खर्चाने?

अमेरिकेतील विमान कंपन्यांच्या वैमानिकांचा वेतनकरार मुदत संपली म्हणून संपत नाही. करारावर जी अखेरची तारीख असते, ती फक्त दुरुस्त्या लागू करण्याची वेळ आल्याची खूण असते. त्या दिवसानंतरही जुनेच दर, ड्यूटीचे जुनेच नियम आणि सुट्ट्यांची जुनीच पद्धत चालू राहते. नवा करार वर्षभरात होवो की चार वर्षांनी, तोवर यातले काही हलत नाही. या लांबलेल्या वाटाघाटींवरची चर्चा मात्र दरवेळी पगाराच्या आकड्याशी येऊन थांबते. 2023 मध्ये डेल्टाने चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ दिली, 2024 च्या आरंभी साउथवेस्टने जवळजवळ 50 टक्के दिली. एवढे मिळवणाऱ्यांनी चिडावे कशासाठी, असे विचारले की प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटतो. तो निघत नाही, कारण वैमानिकांच्या चिडीचा विषय तो आकडा नसून आकडा हाती येईपर्यंत गेलेली वर्षे आहेत.

ही व्यवस्था 1926 च्या रेल्वे लेबर अ‍ॅक्टची. 1877, 1894 आणि 1922 च्या रेल्वे संपांची आठवण ताजी असताना रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांनी मिळून हा कायदा घडवला. 1936 मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. 1931 साली एअर लाइन पायलट्स असोसिएशन स्थापन करणारे डेव्हिड बेन्के यांनीच त्यासाठी खटपट केली होती, हे आजच्या चर्चेत सहसा येत नाही. मालकाने मनाला येईल तेव्हा दर कापू नयेत, ही त्या काळच्या वैमानिकाची पहिली गरज होती आणि ती या कायद्याने भागवली. आज जी तरतूद वैमानिकांना जाचते, तीच एकेकाळी त्यांची ढाल होती.

कायद्याचा क्रम असा. एका पक्षाने बदलाची नोटीस द्यायची, मग समोरासमोर बोलणी करायची. ती अडली तर प्रकरण नॅशनल मीडिएशन बोर्डाकडे जाते. हे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या तीन सदस्यांचे मंडळ. त्याची मध्यस्थी किती दिवस चालावी याला कायद्यात कोणतीही मर्यादा नाही. मंडळाला वाटेल तेव्हाच ते दोन्ही पक्षांना मोकळे करते. त्यानंतर 30 दिवस थांबायचे आणि मगच संपाचा अधिकार मिळतो. तोही राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी मंडळ नेमले की पुन्हा लांबतो. 15 फेब्रुवारी 1997 रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाला आणि अर्ध्या तासाच्या आत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबवला. ही प्रक्रिया जाणूनबुजून लांब ठेवली आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 1966 मध्ये म्हटले आहे. पुरेसा वेळ गेला की दोन्ही बाजूंना शहाणपण सुचेल, ही त्यामागची आशा.

संपाशिवायचे मार्गही न्यायालयांनी बहुतेक बंद केले आहेत. 1999 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक मोठ्या संख्येने आजारपणाची रजा टाकून घरी राहिले; त्यांच्या संघटनेने चार कोटी डॉलरांहून अधिक भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. डेल्टाच्या वैमानिकांनी ठरवून जादा काम नाकारले, तेव्हा 2001 मध्ये अपील न्यायालयाने तेही मनाई हुकमाच्या कक्षेत आणले. जादा काम करारानुसार ऐच्छिक होते. एकट्याने नाकारले तर चालते, सगळ्यांनी मिळून नाकारले तर चालत नाही, असा त्याचा अर्थ. मग उरते काय? गणवेशात, हातात फलक घेऊन विमानतळाबाहेर उभे राहणे आणि संपाच्या ठरावावर मतदान घेणे. साउथवेस्टमध्ये 2023 साली असा ठराव 99 टक्के मतांनी संमत झाला. त्याला नाटक म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की कायद्याने वैमानिकांच्या हाती याखेरीज फारसे काही ठेवलेले नाही.

वैमानिकाला नोकरी सोडता येत नाही का, असाही प्रश्न येतो. येते, पण कोणत्या किमतीला ते पाहिले पाहिजे. विमान कंपनीत सगळे काही सेवाज्येष्ठतेच्या क्रमांकावर ठरते: कोणते विमान, कॅप्टनची खुर्ची की फर्स्ट ऑफिसरची, कोणता तळ, वाईट वेळापत्रक की बरे वेळापत्रक, नाताळात घरी असणे की नसणे. हा क्रमांक एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पंधरा वर्षे विमान चालवलेला कॅप्टन दुसरीकडे गेला, की तिथल्या यादीच्या तळाशी उभा राहतो आणि पहिल्या वर्षाच्या पगारावर सुरुवात करतो. व्यवस्थापनाला हे पक्के ठाऊक असते. बोलणी रेंगाळली म्हणून ज्येष्ठ वैमानिक निघून जातील, ही भीती त्याला नसते.

ही भीती जिथे खरी होती तिथे काय घडले, तेही समोर आहे. जून 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय आणि पीडमॉन्ट या प्रादेशिक कंपन्यांनी वैमानिकांचे दर एका झटक्यात सुमारे निम्म्याने वाढवले. तिथले वैमानिक मोठ्या कंपन्यांत जाण्यासाठी रांगेतच उभे होते आणि विमाने उडवायला माणसे उरत नव्हती. वैमानिकांचे करार शेकडो पानांचे आणि गुंतागुंतीचे असतात म्हणून वेळ लागतो, हा युक्तिवाद या एका उदाहरणाने संपतो.

आता उलट दिशा. दर वाढवायला वर्षे लागतात; कापायला किती लागतात? दिवाळखोरी कायद्याच्या कलम 1113 खाली कंपनी करार रद्द करण्याचा अर्ज करू शकते. त्यावर 14 दिवसांत सुनावणी आणि सुनावणी सुरू झाल्यापासून 30 दिवसांत निर्णय, अशी मुदत कायद्यातच लिहिलेली आहे. 2001 नंतर युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट आणि पुढे अमेरिकन या सगळ्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. 2004 मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी दिवाळखोरी टाळण्यासाठी 32.5 टक्के कपात मान्य केली. पुढच्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि आणखी कपात आली. यूएस एअरवेज, युनायटेड आणि डेल्टा यांच्या वैमानिकांच्या जुन्या निवृत्तिवेतन योजना बंद पडल्या. कंपनीच्या संकटाला घड्याळ आहे, वैमानिकाच्या मागणीला नाही. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आजच्या मध्यस्थीतली संथ चाल तटस्थ वाटत नाही, आणि ती तटस्थ नाहीच.

या सगळ्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ते समंजस वाटते, म्हणूनच त्याचा नीट समाचार घेणे भाग आहे. उत्तर असे, की करार उशिरा झाला तरी मागच्या काळाचा फरक मिळतोच. मग विलंबाने वैमानिकांचे बिघडते काय?

पहिली गोष्ट, असा फरक देण्याचे बंधन कायद्यात नाही. तो मागावा लागतो आणि इतर प्रत्येक मागणीप्रमाणे त्याच्याही बदल्यात काहीतरी सोडावे लागते. डेल्टाचा करार 31 डिसेंबर 2019 ला दुरुस्तीयोग्य झाला आणि नवा करार 1 मार्च 2023 ला मंजूर झाला. त्या दिवशी दर 18 टक्क्यांनी वाढले. मागच्या काळासाठी मात्र 2020 आणि 2021 च्या कमाईवर प्रत्येकी 4 टक्के आणि 2022 च्या कमाईवर 14 टक्के एवढीच एकरकमी रक्कम मिळाली. महामारीत विमाने जमिनीवर उभी होती, तेव्हा पहिल्या दोन वर्षांबद्दल वाद नको. पण 2022 च्या उन्हाळ्यात विमाने भरून जात होती. मार्च 2023 मध्ये ज्या कामाचे मोल 18 टक्क्यांनी जास्त ठरले, तेच काम सहा महिन्यांपूर्वी 14 टक्क्यांनीच जास्त मोलाचे कसे? मधले चार टक्के ही विलंबाची किंमत आहे आणि ती कंपनीच्या खिशात राहिली. वैमानिकांच्या इतिहासातील उत्तम करारांपैकी एकाची ही गत, तर बाकीच्यांबद्दल काय बोलावे.

दुसरी गोष्ट व्याजाची. जून 2022 मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर 9.1 टक्क्यांवर होता. 2021 मध्ये हाती यायला हवा होता तो डॉलर 2023 मध्ये आला, तर तो तेवढाच डॉलर नसतो. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. थकलेली रक्कम करार मंजूर झाला तरच मिळणार असते, म्हणून ती मंजुरीचे आमिष बनते. वैमानिकाचाच अडकलेला पैसा त्याच्यापुढे बक्षीस म्हणून ठेवला जातो आणि त्या धनादेशाकडे पाहून त्याने बाकीच्या कलमांवर मत द्यावे, अशी अपेक्षा असते. सगळेच त्याला बळी पडत नाहीत, हे खरे. युनायटेडच्या वैमानिकांनी 2022 मध्ये आधीचा मसुदा 94 टक्के मतांनी फेटाळला. फेडेक्सच्या वैमानिकांनीही 2023 मध्ये तेच केले. पण नकाराचा दंड पुन्हा प्रतीक्षेच्याच रूपात भरावा लागतो.

आणि चौथी गोष्ट, जी फरकाच्या हिशेबात येतच नाही. वैमानिकांच्या करारात पगाराच्या पानांपेक्षा ड्यूटीची पाने कितीतरी जास्त असतात. राखीव असताना किती वेळात हजर व्हायचे, सुट्टीच्या दिवशी बोलावता येईल का, ऐन प्रवासात मार्ग बदलून घरापासून आणखी एक रात्र दूर ठेवता येईल का, हे सगळे तिथे ठरते. 2021 मध्ये हिरावलेल्या सुट्ट्या 2024 मध्ये कोणी परत देऊ शकत नाही. 2007 च्या कायद्यानुसार प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वयाच्या 65 व्या वर्षी थांबावेच लागते. बोलणी चालू असताना ज्यांचे हे वय उलटले, त्यांना नव्या नियमांखाली एक दिवसही काम करायला मिळाले नाही. विलंबाचे नुकसान खरोखरच फरकाने भरून निघत असेल, तर करार दुरुस्तीयोग्य झाल्याच्या तारखेपासून पूर्ण दराने आणि सव्याज फरक कायद्यातच लिहून टाकायला कोणाची हरकत असू नये.

वैमानिकांचा पगार आधीच भरपूर आहे, हा आक्षेप या प्रश्नाला लागू पडत नाही: कराराचा पैसा कमी असो वा जास्त, तो रोखून धरल्याचा लाभ रोखणाऱ्यालाच होतो. संपाची पूर्ण मोकळीक द्या, ही मागणीही पुरती विचारातली नाही; अमेरिकेसारख्या देशात विमानसेवा बंद पडली तर दूरच्या गावांतल्या रुग्णांना आणि मालाला पर्याय नसतो.

मूळ गोंधळ वेगळ्याच ठिकाणी आहे. कायद्याला सेवा अखंड ठेवायची आहे. त्यासाठी त्याने अटी गोठवल्या आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि शंभर वर्षांत त्या एकच असल्यासारख्या मानल्या गेल्या. सेवा अखंड राहण्याचा लाभ प्रवाशाला होतो. अटी गोठण्याचा लाभ, चांगल्या काळात तरी, कंपनीला होतो. वाईट काळात गोठलेल्या अटी वैमानिकाचे रक्षण करतात, हे मान्य करायलाच हवे. 2020 मध्ये कंपन्यांना दर एकतर्फी कापता आले नाहीत ते याच कायद्यामुळे. पण संकट खरोखर मोठे झाले, की कलम 1113 ते संरक्षण काढून घेते, हेही वर आलेच आहे.

अटी गोठवल्याने सेवा अखंड राहते, हे गृहीतही पूर्ण खरे नाही. डिसेंबर 2022 च्या अखेरीस हिमवादळानंतर साउथवेस्टची वैमानिक आणि कर्मचारी नेमण्याची संगणकव्यवस्था कोलमडली आणि सुमारे 16,700 उड्डाणे रद्द झाली. लाखो प्रवासी नाताळात विमानतळांवर अडकले. तिथल्या वैमानिकांची संघटना या जुनाट व्यवस्थेबद्दल आधीपासून इशारे देत होती आणि 2020 मध्ये सुरू झालेली त्यांची बोलणी तेव्हाही संपली नव्हती. पुढच्या वर्षी सरकारने कंपनीला 14 कोटी डॉलरांचा दंड केला. संप एकही झाला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने शांतता अबाधित होती.

तेव्हा सुधारणा संपाच्या कलमात शोधण्याचे कारण नाही. संपावरचे निर्बंध जसे आहेत तसे ठेवूनही गोठलेल्या अटी सैल करता येतील: दुरुस्तीच्या तारखेनंतर दर महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढावेत, अंतिम दर त्या तारखेपासून सव्याज लागू व्हावेत, आणि मध्यस्थीला दिवाळखोरीच्या अर्जासारखीच लिखित मुदत असावी. यात प्रवाशाचे एकही उड्डाण धोक्यात येत नाही. हे अमेरिकन काँग्रेसला एका छोट्या दुरुस्तीने करता येण्याजोगे आहे, आणि ते तिने करायला हवे.