खोली मोजायची कशी?

माझी पुतणी नोकरीनिमित्त लिथुआनियातल्या विल्नियस शहरात असते. तिथली भाषा शिकते आहे. मागच्या वर्षी फोनवर म्हणाली, "काका, इंग्रजीत 'डेप्थ' हा एकच शब्द. विहिरीलाही तोच आणि मनालाही तोच. इथे मात्र आधी विचार करावा लागतो, ही खोली मोजायची आहे की नाही?"

मी वाणिज्य शाखेचा, जन्म बँकेत गेला. भाषाशास्त्रातलं मला काय कळणार! पण ते बोलणं डोक्यात राहिलं. लिथुआनियनमध्ये खोल म्हणजे 'गिलुस'. त्यावरून 'गीलिस', म्हणजे आकड्यात सांगायची खोली. त्यांचं सर्वांत खोल तळं ताउराग्नास, सुमारे ६० मीटर. हे झालं गीलिस. आणि समुद्राच्या पोटात किंवा जिवाच्या तळाशी जे गहन असतं, ते 'गेल्मे'. तिथे सहसा मीटर लावत नाहीत.

ही भाषा आपल्या संस्कृतची लांबची बहीण. अग्नीला ते 'उग्निस' म्हणतात, मुलाला 'सूनुस'; आपला सूनुच तो. इंग्रजी 'डीप'चं नातं त्यांच्या 'दुबुस'शी, म्हणजे खोलगट. गहन विचाराला इंग्रजीत 'प्रोफाउंड' म्हणतात. त्याच्या पोटात लॅटिन 'फुंडुस' आहे, अर्थ तळ. आपला वैदिक 'बुध्न' त्याच मुळाचा. अहिर्बुध्न्य या देवतेच्या नावात तो आजही आहे.

पण मला अडवलं ते तळ नसलेल्या खोलीने. इंग्रजीत 'अबिस', तो मूळ ग्रीक. लिथुआनियनमध्ये 'बेदुग्ने', 'बे' म्हणजे विना, 'दुग्नास' म्हणजे तळ. आपलं अथांग, ज्याचा थांग नाही. तिघांनीही शब्द एकाच रीतीने घडवला. फरक एवढाच, की त्यांचे दोन्ही शब्द भीतीचे, कड्यावरून खाली पाहिल्यावर पोटात गोळा येतो तसे. आपण मात्र महाराजांच्या कृपेला अथांग म्हणतो आणि निर्धास्त होतो. तळ नाही म्हणून घाबरायचं की विसावायचं, हे बहुधा खाली कोण आहे असं आपण मानतो त्यावर असावं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यात समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो चढत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून ओसरत नाही. समुद्र किती वाव खोल, हे अवधूत सांगत नाही. ती गीलिस झाली असती.

आता माझं सांगतो. गुरुचरित्राच्या पारायणांची माझी एक वही आहे. तारीख, सप्ताह, अनुक्रमांक, खाली बेरीज. सवयच तशी, दिवस संपला की ताळा जुळला पाहिजे. त्या वहीत आजवर ४१ पारायणं जमा आहेत. आणि अंगणातल्या तीन फुटी पट्ट्यावरून दादाशी, म्हणजे याच पुतणीच्या वडिलांशी, माझा नऊ वर्षं अबोला आहे. मध्ये भिंत घातली ती मीच. पावसाचं चार थेंब पाणी पडलं की मी चढलो. ४१ ही माझी गीलिस झाली, हे कबूल. गेल्मेची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे मला बँकेत कोणी शिकवलं नाही.

पुतणीने आणखी एक सांगितलं होतं. फार वय झालं की तिकडे म्हणतात 'गिलि सेनात्वे', खोल म्हातारपण. आपण म्हातारपण पिकलं म्हणतो, वय वाढलं म्हणतो, सगळं वरचं. ते लोक माणसाला खाली उतरवतात. हे सांगून ती जरा थांबली. मग म्हणाली, "काका, तुम्ही दोघंही आता तिथेच निघालात. बाबांचा खोकला वाढलाय. बोलाल का?"

मी म्हटलं, "बघू."

त्यानंतरच्या दत्तजयंतीला सप्ताह केला. अवतरणिका वाचून झाली, आरती झाली, प्रसादाची वाटी घेऊन भिंतीला वळसा घालून दादाच्या दारापर्यंत गेलो. आतून खोकल्याचा आवाज येत होता. कडीला हात लावला, वाजवली मात्र नाही. वाटी उंबऱ्यावर ठेवून आलो. सकाळी ती घासून-पुसून आमच्या ओट्यावर ठेवलेली होती.

त्या पारायणाची नोंद वहीत अजून केलेली नाही.