बंदिवास आणि प्रसन्नता



कामतघर येथे निरूपण संपल्यावर एका वासनिक बंधूंनी विचारले, "युद्धकाळी कैदेत पडलेल्याने प्रसन्न राहावे, असे आपण सांगतो. ही प्रसन्नता खरी, की मनाची फसवणूक?"

शास्त्रदृष्टीने परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि जीव बद्धमुक्त होय. म्हणजे तुरुंगाचे दार लागण्यापूर्वीच जीव अविद्येने बद्ध आहे, आणि दार लागले तरी त्याची मोक्षाची योग्यता हिरावली जात नाही. पहारेकऱ्याची सत्ता देहापुरतीच असते. मात्र एवढ्यावरून देहदुःख क्षुल्लक ठरविणे अनुचित होय.

पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराचा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. तेथे १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, तरी अनेक हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस दीर्घकाळ नाकारले. शरणागतीनंतर वाळवंटातून पायपीट करीत नेलेल्या कैद्यांपैकी हजारो मरण पावले. अशा आर्तास "प्रसन्न राहा" असे सांगण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या उपदेशकास कोणी दिला? ज्या बोलाने दुःखिताचे दुःख वाढते, तो बोलही हिंसाच होय.

मग प्रसन्नता ती कोणती? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मौलाना आझाद अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात बंदिवान होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तिच्या आजारपणातही त्यांनी सरकारकडे सवलतीची याचना केली नव्हती. नित्याचा दिनक्रम त्यांनी मोडू दिला नाही. तथापि अंतरीची कासाविशी आपल्या पत्रलेखनात लपविलीही नाही. त्याच युद्धकाळात, १९४४ साली, विनोबांनी शिवनीच्या तुरुंगात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या अठरा श्लोकांवर प्रवचने केली. स्थितप्रज्ञास दुःख होत नाही, असे श्रीकृष्ण महाराज सांगत नाहीत. दुःखाने त्याची बुद्धी ढळत नाही, असे सांगतात. शोक असूनही विवेक सुटू न देणे, हीच प्रसन्नता.

याचे साधन स्मरण होय. खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. पुढे ज्यांनी लीळा अंतःकरणात जपल्या होत्या, त्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाला. पोथी गेल्याचे दुःख त्या साधकांना झाले नसेल काय? परंतु ते दुःख करीत थांबले नाहीत. जे हिरावता येत नव्हते, त्यातून त्यांनी गेलेले पुन्हा उभे केले. मात्र स्मरण संकटाच्या दिवशी एकाएकी होत नाही. सुखाच्या दिवसांत नित्यविधीने ते मुरवावे लागते.

म्हणून त्या बंधूंना उत्तर असे: दुःख नाकारणारी प्रसन्नता ही फसवणूक, आणि दुःख भोगतानाही स्मरण व विवेक राखणारी प्रसन्नता ही खरी. हा नियम स्वतःस लावावा, दुसऱ्यावर लादू नये. कैदेत, आजारात, किंवा माग बंद पडून चूल थंडावलेल्या घरात आपण गेलो, तर आधी अन्न व धीर द्यावा. उपदेश मागितल्यास मगच करावा. स्मरण आपल्यासाठी, करुणा दुसऱ्यासाठी, हा क्रम साधकाने उलटू नये.