वही कुणाच्या हाती?

शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी डॉक्टरांनी अम्मीला घरी न्यायला सांगितले. खुब्याचे हाड मोडलेले, वय 75. सिस्टरने समजावले : दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात, लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवा, दोन्ही पायांमध्ये उशी हवी. मी सारे वहीत नीट उतरवून घेतले आणि घरी येताच वही पत्नीच्या हाती दिली.

मी उर्दू शाळेत शिक्षक आहे. माँ-बापच्या खिदमतीवर मुलांकडून दरवर्षी मजमून लिहून घेतो. कुरआनाने आईवडिलांशी नेकीने वागण्याचा हुकूम दिला, तो औलादीला. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर वाजिब नाही, ती करते तो तिचा चांगुलपणा, असे अनेक हनफी उलेमा सांगत आले आहेत. ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यातही मुलांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे आहेत, सून नाही. शरिअत आणि कायदा माझे नाव घेतात, घरातला प्रत्येक जण मात्र तिचे.

पत्नी भांडली नाही. एवढेच म्हणाली, "मालेगावात माझी अम्मी पडली, तेव्हा तुम्ही मला तिसऱ्या दिवशी परत बोलावलं होतं."

अडचणही खरी आहे. अम्मी मुलाच्या हातून अंग पुसून घेणार नाही आणि तिची हया मला मोडायची नाही. म्हणून दिवसासाठी एक बाई ठेवली, रोज सहाशे रुपये. आपा नाराज झाल्या. "पैसे देऊन खिदमत होते का?" (तुम्ही महिनाभर येऊन राहा म्हटले, तर नातवाची परीक्षा निघाली.) मजुरी घेऊन केलेली सेवा कमी पाक मानावी, याला मला कुठे आधार सापडला नाही. पण मजुरी दिली म्हणून माझा फर्ज फिटला, यालाही सापडला नाही. भरवणे, कूस बदलणे, रात्रीची औषधे यांच्या आड कुठलीच हया येत नाही, येते ती माझी झोप. रात्र मी घेतली. पहिल्याच रात्री गजर दोनदा वाजला, मी उठलो नाही. उठली ती पत्नीच. तेव्हापासून वही माझ्या उशाशी असते.

बाईंना परवा सहज विचारले, घरी कोण असते. म्हणाल्या, "सासू आहे सर, अंथरुणाला खिळलेली. दिवसा शेजारीण बघते." दिवाळीत त्यांना चार दिवस सुट्टी हवी आहे. मी हो म्हटले. त्या चार दिवसांत अम्मीचे अंग कोण पुसणार, हे पत्नीने विचारलेले नाही आणि मीही अजून बोललेलो नाही.