हातचं राखून

स्वस्थ बसा. खांदे सैल सोडा. श्वास आपल्या चालीनं येऊ द्या, जाऊ द्या.

आता डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा उत्तर समुद्र मनात आणा. तिथे हॉर्न्स रेव्हला 2002 पासून 80 पवनचक्क्या उभ्या आहेत, प्रत्येकी 2 मेगावॅटच्या. दोन चक्क्यांमध्ये अर्ध्या किलोमीटरहून अधिक पाणी. त्यातली एकच निवडा आणि तिच्याकडे पाहत राहा.

वारा जोराचा आहे. तरी पाती बुंध्याशी किंचित वळवून ठेवली आहेत, म्हणून थोडा वारा काही न देताच निघून जातो. त्या घडीच्या वाऱ्यात सगळ्या चक्क्या मिळून 100 मेगावॅट देऊ शकत असतील तर 80च घ्यायचे, 20 मागे ठेवायचे, अशी सोय इथल्या नियंत्रणात केलेली आहे.

त्या 20 मेगावॅटपाशी थोडं थांबा. ते कुठे साठवलेले नाहीत. युनिटं मोजणाऱ्याला ते वाया गेलेलेच दिसतील. मला ते तान घेताना गवयानं राखलेल्या दमासारखे वाटतात.

कुठेतरी दूर एखादं मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडतं. ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झवरून खाली घसरू लागते. चालू केंद्रांतले जड रोटर आपल्या गतीतली थोडी ऊर्जा देऊन पहिला धक्का सोसतात. तेवढ्यात समुद्रातली ती पाती वळतात, वाऱ्याला पुरती भिडतात, आणि काही सेकंदांत मागे ठेवलेली वीज तारांत उतरते. कोळशाचा थंड बॉयलर पेटवून वीज मिळायला कित्येक तास लागतात.

आता शंका येईल, तिला हाकलू नका. वाराच पडला तर? मग राखायलाही काही उरत नाही. म्हणून वीज राखून ठेवण्याचा शब्द थोड्या वेळापुरताच द्यायचा, हवामानाचा अंदाज बघून, आणि दूरदूरच्या अनेक चक्क्यांवर भार वाटून. बाकीच्या वेळी धरणाचं पाणी आणि बॅटऱ्या हव्याच.

श्वास सोडा, आणि शेवटी पैशाचाही विचार करा. पैसे फक्त विकलेल्या युनिटांचे मिळत असतील तर चक्कीवाला वीज मागे का ठेवील? आयर्लंडच्या ग्रिडनं राखीव सेवेचे वेगळे पैसे मोजायला सुरुवात केली आणि त्यात पवनऊर्जेलाही जागा दिली. सज्ज राहण्याचा असा मोबदला आपल्याकडच्या चक्क्यांनाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.