तोरमल्ली नाशिकची का नाही

पाचू परवडत नसेल तर खड्यांचा व्यापारी त्याचं उपरत्न म्हणून हिरवं टूर्मलीन पुढे करतो आणि वर सांगतो, ‘एकदम शुद्ध’. मराठी विश्वकोशातली तोरमल्ली ती हीच. तिच्या बाबतीत शुद्धतेची ही ग्वाही चुकीच्या जागी पडते. काही न मिसळलेलं टूर्मलीन रंगहीन असतं, आणि त्याला फारसं कुणी विचारत नाही. लोखंड भरपूर शिरलं की ते काळं होतं, मँगनीजनं गुलाबी, क्रोमियम किंवा व्हॅनेडियमनं गर्द हिरवं. ब्राझीलमधल्या पाराइबाचा झगझगीत निळा रंग तांब्याचा. स्फटिक वाढत असताना भोवतीचा द्रव बदलला, तर एकाच खड्यात आत गुलाबी आणि बाहेर हिरवं, असंही होतं. रंग म्हणजे इथे भेसळच.

या खनिजाचा सांगाडा सिलिकाच्या सहा घटकांच्या कड्यांचा आणि बोरॉनच्या त्रिकोणांचा. उरलेल्या जागांत सोडियम, लिथियम, मॅग्नेशियम, लोखंड, ॲल्युमिनियम यांपैकी जे जवळ असेल ते बसतं. इतकं उदार खनिज विरळाच. पण बोरॉनवाचून त्याचं काहीच चालत नाही, आणि बोरॉनचा अणू फारच लहान. ग्रॅनाइटचा शिलारस थंड होताना फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक तयार होतात. त्यांत बोरॉनला जागा नसते. तो पाण्याबरोबर शेवटच्या रसात साठत जातो. हा उरलेला रस भेगांत शिरून थिजला की पेग्मटाइट होतो, आणि तोरमल्लीचे मोठे स्फटिक तिथे मिळतात. विदर्भात, भंडाऱ्याच्या प्राचीन रूपांतरित खडकांत, कायनाइटच्या सोबतीला ती सापडते. तीही बहुतेक काळी.

नाशिकचा खडक वेगळा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. या बेसाल्टमध्ये बोरॉन मुळातच नगण्य, आणि थिजणंही भरभर. शेवटी उरलेला रस साठावा, अशी सवडच नाही. मुंबईत कांदिवली-मालाडच्या खाणींत डॅटोलाइट हे बोरोसिलिकेट मिळालं, पण तोरमल्ली तिथेही नाही.

म्हणून नाशिक दरिद्री ठरत नाही. लाव्हातल्या वायूंच्या बुडबुड्यांनी पोकळ्या ठेवल्या, नंतर त्यांत ऊन पाणी झिरपलं आणि त्यातून स्टिल्बाइट, मेसोलाइट, ॲपोफिलाइट वाढले. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणीतलं हिरवं ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. दख्खनच्या ॲपोफिलाइटचा हा हिरवा रंगही किंचित व्हॅनेडियमचा. कारण तेच, खनिज मात्र अगदी निराळं: नखानं नाही, पण सुरीनं सहज ओरखडा पडेल इतकं मऊ, त्यामुळे अंगठीच्या कामाचं नाही. बहुधा म्हणूनच गावात त्याला भाव नाही.

सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. तिथे या स्फटिकांना निदान काच आणि दिवा मिळाला. बाकीचे खडी क्रशरमध्ये जातात. रस्त्यांना खडी लागणारच, खाणी बंद करा असं कुणी म्हणू नये. पण सुरुंगानं पोकळी उघडी पडली, तर क्रशर सुरू होण्याआधी भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक दिवस आत जाऊ द्यावं, एवढी अट खाणीच्या परवान्यात घालायला हवी.