कळलावीची कुंडी

भादव्यात गौरी यायच्या आदल्या दिवशी आम्हा पोरांना फुलं आणायला पिटाळत. तेरडा तर पायापायाशी असायचा, तो शोधावा लागत नसे. शोधावी लागायची ती कळलावी. गडग्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत ती चढलेली असायची. तिला स्वतःचा कणा नाही. पानाचं टोक दोऱ्यासारखं वळवून ती शेजारच्या फांदीला धरते आणि वर जाते. फुलाच्या सहा पाकळ्या मागं उलटून वर उभ्या राहिलेल्या, कडा नागमोडी. उमलताना हिरवट, मग बुडाशी पिवळ्या नि टोकाला लाल, आणि फूल जुनं होत गेलं की सगळंच लालभडक. पावसाळी अंधारलेल्या दिवसात कुणी जाळीत चूड पेटवून ठेवलीय असं वाटायचं. पुस्तकात तिला अग्निशिखा म्हणतात. संस्कृतात एक नाव आहे लांगली, म्हणजे नांगराची. कारण तिचा कंद नांगरासारखा वाकडा, दोन फाट्यांचा असतो.

आजी ती फुलं तेरड्याच्या जुडीत खोचायची. गौर उजळून निघायची. एकदा मी फूल तोडायचा कंटाळा करून वेलच ओढला. पावसानं माती सैल झालेली, कांदा वर आला. तो तसाच घेऊन अंगणात आलो, तर आजी ओसरीवरनं ओरडली, "कांदा घरात आणू नको! फेक तो आधी. घरात कळ लागंल."

फूल देवीच्या अंगावर चालतं आणि कांदा उंबऱ्याच्या आत चालत नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. कळ लागेल म्हणजे भांडण लागेल, असं आम्ही पोरं समजायचो. मोठेपणी दुसरा अर्थ कळला. बाळंतपणात अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा कांदा उगाळून लावायचे, म्हणून ती कळलावी. आणि ती नुसती कळच लावते असं नाही. तिच्या अंगभर, कंदात नि बियांत तर फारच, कोल्चिसिन नावाचं विष असतं. गावात एक बाई त्या कांद्यानं गेली, असं आजी सांगायची. नाव कधी सांगितलं नाही. आजीच्या त्या ओरडण्यात अंधश्रद्धा किती आणि त्या बाईची आठवण किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढं मी डोंबिवलीला नोकरीला लागलो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक हातभर गॅलरी. गॅलरीत तुळस, मोगरा, एक कढीपत्ता. पण गौरी आल्या की बाजारातला तेरडा आणताना मनात काहीतरी खुपायचं. एका वर्षी ठरवलं, कळलावी घरी लावायची. गौरीला गावी गेलो तेव्हा वेलाच्या बुडाशी खूण म्हणून दगड ठेवून आलो आणि शिमग्याला जाऊन तिथं खणलं.

आता थोडं या कंदाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बटाट्याला कुठूनही डोळा फुटतो. कळलावीचं तसं नाही. तिच्या कंदाच्या फाट्याला टोकाशी एकच कोंब असतो. ते टोक मोडलं की बाकीचा कंद कितीही रसरशीत असो, तो संपला. आणि कंद असतो काकडीसारखा ठिसूळ. पहिल्या वर्षी मी कुदळीनं खणला आणि टोक मोडलं. मला ते माहीतच नव्हतं. चार महिने मी त्या कुंडीला पाणी घालत होतो. बायको म्हणायची, "मातीला पाणी घालताय."

दुसऱ्या वर्षी हातानं माती उकरली, दोन अखंड कंद आणले. तांबडी माती, वाळू, पालापाचोळ्याचं खत असं सगळं नीट केलं. कंद आडवा, दोन बोटं खोल ठेवला. आणि रोज पाणी घातलं. मार्च महिना, घरात पंखा सोसवत नव्हता, मला वाटलं बिचाऱ्याला तहान लागली असेल. मेच्या मध्यावर उकरून पाहिलं तर हाताला लगदा लागला. वास आला. पहिला मी अज्ञानानं मारला, हे दोन मायेनं मारले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाबा गेले. तेरावं झालं आणि मी आईला डोंबिवलीला घेऊन आलो. एकटी कशी राहणार, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं.

तिसऱ्या शिमग्याला पालखीच्या निमित्तानं तिला घेऊन गावी गेलो. येताना पुन्हा दोन कंद रुमालात गुंडाळून घेतले. या खेपेला त्या जागी आणखी खणलेले खड्डे दिसले. औषधी मुळ्यांचा व्यापार करणारा एक माणूस किलोच्या भावानं कंद घेऊन गेला होता, वाडीतल्याच पोरांनी पोती भरून दिली होती. माझा संताप झाला. आई रुमालाकडं बघत म्हणाली, "त्याचं पोतं, तुझा रुमाल." एवढंच म्हणाली आणि पुढं चालू लागली.

ते मला लागलं. मी मनात वाद घालत राहिलो. तो विकायला नेतो, मी लावायला. तो मारणार, मी जगवणार. पण मी तोवर तीन मारले होते. आणि गडगा तर भाऊबंदांचा सामायिक, मी तरी कुणाला विचारलं होतं? ज्याच्यावर आपलं प्रेम आहे ते आपल्याजवळ असावं असं वाटणं साहजिक आहे. पण त्या वाटण्यातून आपल्याला हक्क मिळतो का? पोतंवाल्याला निदान माहीत असतं की आपण नेतोय ते आपल्यासाठी. रुमालवाल्याला वाटतं, आपण कंदावर उपकार करतोय.

कंद लावले आणि मी तांब्या उचलला तर आईनं हात धरला. "मेलेला नाय तो, निजलाय. मिरग लागंपर्यंत हात लावू नको." मी म्हटलं, सुकून जाईल. ती म्हणाली, "रानात कोण जातंय उन्हाळ्यात तांब्या घेऊन?"

अडीच महिने ती कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात नुसती मातीची राहिली. तुम्ही कधी कोरड्या मातीची कुंडी रोज बघून पुढं गेला आहात का? करायला काही नसणं फार अवघड असतं. मोगऱ्याला पाणी घालताना हात आपोआप तिकडं वळायचा. माया दाखवायची आपली सवय सगळी देण्याची असते. पाणी द्या, खत द्या, पैसे द्या, औषध द्या. न देणं हीसुद्धा काळजी असू शकते, हे कुणी शिकवलेलं नसतं. पण सावध राहावं लागतं, कारण न देणं आणि विसरणं बाहेरून अगदी एकसारखं दिसतं. फरक एवढाच की विसरणारा मिरगाची वाट बघत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस गॅलरीत आत आला आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मातीतून हिरवं टोक वर आलं. धाकटी लेक तेव्हा चार वर्षांची, तिनं सगळ्या मजल्याला ओरडून सांगितलं. वेल गॅलरीच्या गजाला धरत चढला. गौरीच्या दोन दिवस आधी पहिलं फूल आलं. माझ्या घरच्या गौरीत घरची कळलावी. त्या दिवशी मी जेवताना दोनदा उठून गॅलरीत गेलो असेन.

विसर्जन झालं त्या संध्याकाळी आईची हाक ऐकू आली. हाक कसली, किंकाळी. लेक गॅलरीत भातुकली मांडून बसली होती. कळलावीची पानं-फुलं खुडून तिनं इवल्या कढईत भाजी केली होती आणि बाहुलीला भरवत होती. आईनं तिच्या तोंडात बोट घालून बघितलं, चूळ भरायला लावली, हात साबणानं तीनदा धुतले. पोरीनं काही खाल्लं नव्हतं. काही झालं नाही. पण रात्रभर आम्ही तिघं मोठी माणसं आळीपाळीनं तिच्या अंगाला हात लावून बघत होतो.

मी आईला म्हटलं, "आये, आम्ही तर सगळं लहानपण त्या गडग्यावर काढलं. तेव्हा कुठं काय झालं?"

ती म्हणाली, "रानात इख असतं ते रानाचं. हितं आणलंस, आता ते तुझं."

या वाक्यापुढं मला आजवर कुठलीही पळवाट सापडलेली नाही. जाळीतली कळलावी विषारी आहे यात कुणाचा दोष नाही. ती तिथं कुणासाठी उगवलेली नाही. आजीला हे ठाऊक होतं, म्हणून फूल दोन दिवस घरात यायचं आणि कांदा उंबऱ्याबाहेर राहायचा. एखादी गोष्ट तिच्या जागेवरून हलवली की तिचं सौंदर्य जसं आपण घेतो, तसं तिचं उरलेलं सगळंही आपल्या पदरात पडतं. नुसती फुलं घरी आणता येत नाहीत. त्याच विषातून गाऊटच्या सुजलेल्या सांध्यावर औषध होतं, तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी या वेलाची शेती करतात, ते तिथलं राज्यफूलही आहे. म्हणजे विष वाईट असं नाही. ज्यानं ते लावलं त्यानं त्याची राखण करायची, एवढाच प्रश्न आहे. मी कुंडी उंचावर टांगली, जाळी बसवली. बायको काही बोलली नाही, पण लेकीला गॅलरीत एकटीला सोडणं तिनं बंद केलं. घरात कळ लागली नाही, पण एक भीती मात्र लागली.

कार्तिकात वेल पिवळा पडला, वाळला. मी पाणी थांबवलं. कुंडी पुन्हा नुसती माती झाली. एका दुपारी आई तिच्याकडं बघत म्हणाली, "मला गावी सोड."

मी सगळी यादी वाचली. डॉक्टर इथं, औषधं इथं, नातवंडं इथं, तिथं रात्री काही झालं तर? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हितं मला काय कमी हाय? काय करायचंच नाय."

इथं मला सांगायचा मोह होतो की आई म्हणजे तो कंदच. जास्तीच्या पाण्यानं कुजत चाललेली. पण ही उपमा खोटी आहे, आणि मला सोयीची आहे. कंदाला विचारता येत नाही, त्याच्या वतीनं आपल्यालाच ठरवावं लागतं. चुकलं तर अज्ञान म्हणून सुटता येतं. आईला विचारता आलं असतं. ती शेजारच्या खोलीत होती. मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं.

शिमग्याला तिला सोडायला गेलो. निघण्याआधी कुंडी पालथी केली. मागच्या वर्षी लावलेले कंद सुकून नुसती सालपटं झाली होती, आणि त्यांच्या जागी नवे पांढरे, दोन फाट्यांचे कंद तयार झाले होते. कळलावीचं असंच असतं. दरवर्षी जुना कंद वेलाला सगळं देऊन रिकामा होतो आणि वेल जाता जाता नवा घडवतो. ते कंद मी त्याच रुमालात बांधले. वाटलं होतं, जिथून घेतले तिथंच नेऊन लावीन, म्हणजे हिशेब पुरा होईल.

गावात पोचलो तर गडगा नव्हता. रस्ता रुंद करताना जेसीबीनं तो उचलला होता, करवंदीची जाळी मुळासकट गेली होती. त्या जागी खडी पडली होती. म्हणजे त्या गडग्यावरच्या कळलावीचं जे काही उरलं होतं, ते माझ्या रुमालात होतं.

मी खूप वेळ तिथं उभा राहिलो. आता काय म्हणायचं? मी नेले म्हणून ते वाचले, हे खरं. पण मी नेले तेव्हा वाचवायला नेले नव्हते, हेही खरं. पुढं घडलेल्या गोष्टीनं मागची करणी धुतली जाते का? मला वाटतं, नाही. चुकीच्या कामातून चांगलं निघालं तर त्याचा आनंद मानावा, श्रेय घेऊ नये. आणि उद्या सगळेच गडगे गेले तर कुंडीत लावणाऱ्यांवरच ही झाडं अवलंबून राहतील, हेही मला दिसतं. तेव्हा कुणी लावूच नये असं मी म्हणणार नाही. लावावी. पण आपण कुणाचं काय, कशासाठी आणलं, आणि त्याबरोबर काय काय आपलं झालं, याचा हिशेब ठेवून लावावी. आज तर रोपवाटिकेत लागवडीचे कंद मिळतात, रानात कुदळ न्यायचीही गरज नाही.

आईनं परसवाच्या टोकाला, गोठ्यापलीकडं, जिथं पोरं जात नाहीत तिथं जागा दाखवली. कंद लावले. मी सवयीनं तांब्याकडं बघितलं आणि ती हसली.

ती आता तिथं एकटी असते. पाय दुखतात, एकदा पडलीही. शेजारची पोरगी रात्री सोबतीला येते. फोन वाजला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. मी बरोबर केलं की चूक, ते मला ठरवता येत नाही. एवढंच की या वेळी विचारलं होतं. गेल्या भादव्यात तिनं फोनवर सांगितलं, गोठ्याच्या कुडावर सात फुलं आलीत.

माझ्या गॅलरीतल्या त्या कुंडीत हल्ली कोथिंबीर असते. तिला रोज पाणी लागतं. ते मी घालतो.