परंपरेचा साक्षीदार

२० डिसेंबर १९८६ रोजी नैरोबीतील नामांकित वकील एस. एम. ओटिएनो यांचे निधन झाले आणि त्यांचे दफन कोठे व्हावे हा वाद केनियाच्या उच्च न्यायालयापुढे गेला. पत्नी वांबुई ओटिएनो (जन्माने किकुयू, माऊमाऊ लढ्यातील कार्यकर्त्या) यांना ते नैरोबीजवळच्या मटासिया येथे व्हावयास हवे होते, तर उमिरा कागेर या लुओ कुळाला सियाया जिल्ह्यातील न्याल्गुंगा या गावी. कुळाचा पक्ष ग्राह्य ठरला. अपील न्यायालयाने १५ मे १९८७ रोजी तोच निर्णय कायम केला. २३ मे रोजी न्याल्गुंगात दफन झाले. वांबुई तेथे गेल्या नाहीत.

या खटल्याकडे परंपरा आणि आधुनिकता यांचा झगडा म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. ती अपुरी वाटते. लुओ भाषेत 'ओट' म्हणजे राहण्याची वास्तू आणि 'डाला' म्हणजे वडीलधाऱ्यांच्या संमतीने, विधिपूर्वक वसवलेले घर. (आपल्याकडील 'बिऱ्हाड' आणि 'घर' यांतील अंतर आठवावे, मात्र साम्य फार ताणू नये.) शहरात माणसाचे ओट असेल, डाला नसतो, असे कुळाचे म्हणणे होते. याला केवळ रूढी म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यामागे घराविषयीचे एक तत्त्वचिंतन आहे. ओडेरा ओरुका यांच्यासारखा तत्त्वज्ञ लुओ रूढींचा जाणकार म्हणून साक्षीला उभा राहिला, हे लक्षणीय होय.

खरा प्रश्न पाठनिश्चितीचा आहे. मौखिक परंपरेत अर्थ प्रसंगागणिक, वादविवादातून घडतो; न्यायालयाला मात्र एकच पाठ हवा असतो. तो साक्षींतून सिद्ध होतो, निकालपत्रात उतरतो आणि पुढील खटल्यांना आधार पुरवतो. या व्यवहारात विधवा ही पाठाचा विषय ठरते, भाष्यकार नव्हे. विवाहाने ती पतीच्या घराण्यात आली असे मानायचे, आणि त्याच घराण्याच्या निर्णयात तिचा शब्द मात्र गौण, ही विसंगती नैतिक आहे, निव्वळ कायदेशीर नव्हे.

वांबुईंच्या पक्षाने पतीची आधुनिक, ख्रिस्ती जीवनशैली पुढे केली. माझ्या मते येथेच परंपरा संपूर्णपणे कुळाच्या स्वाधीन झाली. जीवनशैलीमुळे कोणी जमातीच्या रूढीबाहेर जात नाही, एवढे म्हणणे मग न्यायालयाला पुरेसे झाले.

२०१० च्या संविधानाने संविधानाशी विसंगत रूढी रद्दबातल ठरवली आहे. परंतु विसंगती तपासण्यापूर्वी रूढी कोणती हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी साक्षीदार बोलवावे लागतात.